मॉर्गेज : मेलेले तारण

घरासाठी कर्ज काढले की बँकेच्या कागदांवर ‘मॉर्टगेज’ हा शब्द पानोपानी भेटतो. आपण त्याला गहाण म्हणतो. इंग्रज लोक त्यातला ‘ट’ उच्चारीत नाहीत, ‘मॉर्गेज’ म्हणतात. शब्द जुन्या फ्रेंच भाषेतला. ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेले. इस्पितळातल्या ‘मॉर्च्युरी’त तोच आहे, आणि आपले ‘मरण’ त्याच्याच दूरच्या भावकीतले. ‘गेज’ म्हणजे तारण. मजुरीला इंग्रजीत ‘वेज’ म्हणतात तो या ‘गेज’चा सख्खा भाऊ. साखरपुड्याच्या ‘एंगेजमेंट’मध्येही तोच!

पण मेले ते काय? पंधराव्या शतकातले इंग्रज न्यायाधीश थॉमस लिटलटन सांगतात : कर्ज मुदतीत फिटले नाही तर जमीन ऋणकोला मेली, फिटले तर सावकाराचे तारण मेले. बहुतेक जण हाच अर्थ सांगतात. मला मात्र त्याहून जुना अर्थ अधिक बोलका वाटतो. ११८८ च्या सुमारास लिहिलेला, ग्लॅनव्हिल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायद्याचा ग्रंथ आहे. त्यात सावकाराच्या ताब्यातील जमिनीचे उत्पन्न कर्जातून वळते होत असेल तर ते ‘जिवंत’ गहाण. सावकार उत्पन्न खातो आणि कर्ज जिथल्या तिथे, ते ‘मृत’ गहाण. राजाचे न्यायालय याला मनाई करीत नसे, पण व्याजखोरीच समजत असे.

आजच्या हप्त्यातून मुद्दल कमी होते, म्हणून त्याला त्या अर्थाने मृत म्हणता येणार नाही. पण हिशेब करून पाहा. १० लाख रुपये, ९ टक्के, २० वर्षे : हप्ता सुमारे ८,९९७ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात ७,५०० व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम १,४९७! बँकेकडून दरवर्षी खातेउतारा मागा आणि मुद्दलाचा रकाना बोट ठेवून वाचा.

कर्ज फेडून गहाण सोडविण्याचा आणि कागद परत मागण्याचा हक्क १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तेव्हा शेवटच्या हप्त्याची पावती जपा, आणि तिच्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.