कर्णा राहिला, आवाज गेला

आजोळचं बोलावणं आलं की मी हातातलं काम टाकून निघतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात पिंपळनेरला मामेभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं उरकली आणि त्याच्या मुलानं मला हाताला धरून दिवाणखान्यात नेलं. तिथे आजोबांचा फोनो, म्हणजे नळीवर वाजणारा फोनोग्राफ, मांडला होता. माझ्या लहानपणापासून तो माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला होता.

पोरानं जीव ओतून काम केलंय. लाकडी पेटी घासून पॉलिश केली, स्प्रिंग रॉकेलनं धुऊन पुन्हा ग्रीसमध्ये बसवली, कुजलेला चामडी पट्टा बदलला. आणि तो कर्णा! उमललेल्या धोतऱ्याच्या फुलासारखा, एकेक पाकळी वेगळी दिसणारा, बाहेरून गडद लाल, आत सोनेरी रेघा, साखळीनं टांगलेला. त्यानं चावी दिली. मेणाची नळी जिच्यावर चढवतात ती चकचकीत दांडी मंद घुमत फिरू लागली. मी कान देऊन उभा राहिलो. आणि विचारलं, "नळ्या कुठंयत?"

कुणीच बोलेना. शेवटी मामी म्हणाल्या, "बुरशी लागेल डबा व्हतात त्या भाऊ, टाकी दिनात."

जुनं घर पाडताना माळा रिकामा केला, तेव्हा पुठ्ठ्याचे वीस-पंचवीस गोल डबे उकिरड्यावर गेले. कर्णा शोभेचा म्हणून ठेवला, त्यातून जे ऐकायचं ते फेकलं. दिवसभर पाहुणे येत होते, कर्ण्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते, "विकला तर किती येतील?" असं विचारत होते. याचा आवाज कसा आहे, हे एकानंही विचारलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

हे यंत्र काय होतं ते थोडक्यात सांगतो. एडिसननं 1877 साली कथलाच्या पत्र्यावर आवाज उमटवला. पुढे पत्र्याच्या जागी मेणाची नळी आली. लांबी सव्वाचार इंच, व्यास सव्वादोन, मिनिटाला 160 फेरे आणि गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. 1908 मध्ये चार मिनिटांची नळी निघाली. आपल्याकडे कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी अशा नळ्या स्वतः भरून विकल्या. रवींद्रनाथांचा आवाजही त्यांनी नळीवर घेतला. पण 1902 मध्ये गौहरजानचा आवाज तबकडीसाठी भरला गेला, बाजार तबकडीनं जिंकला आणि 1929 मध्ये एडिसनचा गाण्याच्या नळ्यांचा कारखानाही थांबला.

तबकडीच्या साध्या ग्रामोफोनला जे जमत नव्हतं ते मात्र या फोनोला जमत होतं. तो ऐकायचा. वाजवायची डबी काढून भरायची डबी लावा, कोरी नळी चढवा, कर्ण्यात तोंड घालून गा. आवाज मेणात उतरला. चुकलं तर वरचा थर तासून पुन्हा भरा. 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा सगळ्यांना माहीत आहे. फ्रान्सिस बरोनं मूळ चित्र काढलं तेव्हा त्या कुत्र्यापुढे तबकडी नव्हती, नळीचा फोनोच होता. 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेताना त्यावर रंग चढवून तबकडीचं यंत्र काढून घेतलं. मालकाचा स्वतःचा आवाज घरच्या घरी भरता यायचा तो फोनोवरच. तेव्हा कुत्र्याचं पहिलं ऐकणंच खरं होतं.

मामेभाऊ सांगतो, काही डब्यांवर कंपनीचं चित्र नव्हतं, आत नुसत्या तपकिरी नळ्या होत्या, म्हणजे बहुधा घरी भरलेल्या. त्यांत काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या बोलीचा जुना आवाज कुठे उरलाय, हेच डोक्यात घोळत होतं. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा खानदेशीचा भाग 1907 साली छापून निघाला. त्यात आपल्या बोलीचे नमुने आहेत, पण अक्षरांत. कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावानं गाणी टिपून ठेवली म्हणून 1952 मध्ये ती पुस्तकात आली. शब्द वाचले. चालीचं काय? आज घराघरांत त्यांच्या गाण्याची जी चाल गुणगुणतात ती वसंत पवारांनी 'मानिनी' चित्रपटासाठी बांधलेली आहे. चाल गोड आहे, मलाही आवडते. पण त्यांच्या माहेरी, आसोद्याला, जात्याच्या घरघरीत त्यांची ओवी कशी चढायची आणि कुठे श्वास घ्यायची, ते पुस्तकातून ऐकू येत नाही.

सकाळी मामींना म्हटलं, आखाजीचं गौराईचं गाणं म्हणा. "आते कोठे आवाज ऱ्हायना," म्हणत त्यांनी लसूण सोलत सुरुवात केली. मोबाइल मी सुपाशेजारी ठेवला. आधी त्यांचं नाव, माहेरचं गाव आणि गाणं कुणाकडून शिकल्या ते बोलून घेतलं. तिसऱ्या कडव्याला त्या अडल्या, डोळे मिटले, हातातली पाकळी तशीच राहिली, आणि शब्द सापडल्यावर आवाज एकदम वर गेला. मागे पंखा आहे, कुकरची शिट्टी आहे. असू दे. सात मिनिटं मिळाली, दोन मिनिटांच्या साडेतीन नळ्यांएवढी.

आखाजीला झोक्यावरची, श्रावणात कानबाईच्या रात्रीची गाणी म्हणणाऱ्या बाया अजून घरोघर आहेत. खानदेशच्या पश्चिम पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाला पावरी घुमते. तुमच्या खिशात फोनोपेक्षा हजारपट चांगलं यंत्र आहे. भरा. नाव, गाव, तारीख आधी बोलून घ्या.

आणि माळ्यावर पुठ्ठ्याचा गोल डबा सापडला, तर बुरशी पाहून फेकू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका, आपल्या उन्हात तर मुळीच ठेवू नका. नळीला बाहेरून बोट लावायचं नाही; आतून दोन बोटं ताणून उचलायची. माहीतगाराला दाखवल्याशिवाय यंत्रावर चढवू नका. डबा तसाच बंद करून सावलीत ठेवा आणि मला या सदराच्या पत्त्यावर एक पत्र टाका. मी स्वतः येईन.