घर सोडण्याचे वय मेंदू ठरवत नाही

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांचा मेंदूविषयीचा एक शोधनिबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जन्मापासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे ३,८०० व्यक्तींच्या मेंदूंच्या एमआरआय प्रतिमा त्यासाठी तपासण्यात आल्या होत्या. मेंदूतील जोडण्यांच्या रचनेत साधारण ९, ३२, ६६ आणि ८३ या वयांना ठळक वळणे दिसतात, असे त्यातून पुढे आले. नऊ ते बत्तीस या टप्प्याला संशोधकांनी पौगंडावस्थेचे नाव दिले आणि माणूस बत्तिशीपर्यंत किशोरवयीनच असतो, अशा अर्थाच्या बातम्या जगभर झळकल्या.

अशा बातमीतून ज्याला त्याला सोयीचा अर्थ काढता येतो. मुलांना घराबाहेर पाठवायला धजावत नसलेल्या आईवडिलांना ती आधार वाटते, तर तिशी गाठूनही आयते ताट मिळणाऱ्या मुलाला ती सबब पुरवते. दुसऱ्या टोकाला, अठरा पूर्ण झाले की मुलांनी आपले आपण पाहावे, हे पाश्चात्त्य प्रगतीचे लक्षण मानणारेही आहेतच. विज्ञान यांपैकी कोणाच्याच बाजूने कौल देत नाही.

या अभ्यासात एकाच व्यक्तीचा मेंदू वर्षानुवर्षे तपासलेला नाही. वेगवेगळ्या वयांच्या माणसांची तुलना करून सरासरी चित्र काढलेले आहे. शिवाय त्यात मोजली गेली ती मेंदूतील जोडण्यांची रचना. त्या व्यक्तीला भाडेकरार वाचता येतो का, पगार महिनाअखेरपर्यंत पुरवता येतो का, हे त्यातून कळत नाही. विशीच्या उत्तरार्धातली माणसे किशोरांसारखी वागतात असे आम्ही म्हणत नाही, हे संशोधकांनीही स्पष्ट केले होते. मेंदू पंचविशीत ‘पूर्ण’ होतो, या लोकप्रिय समजाचेही तसेच. मेंदूची वाढ हळूहळू होते, तिला वाढदिवसाची तारीख नसते.

दोन प्रकारची समज

या प्रश्नासाठी जास्त उपयोगी पडेल असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह अकरा देशांतील १० ते ३० वर्षांच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या चाचण्या त्यात घेतल्या होत्या. शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या आसपास प्रौढांच्या पातळीला पोहोचते, असे दिसले. मात्र राग, मोह किंवा मित्रांचा आग्रह समोर असताना स्वतःला आवरण्याची क्षमता अठरानंतरही विकसित होत राहते.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ सोपा आहे. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा खोली शोधू शकतो, बँकेचे व्यवहार करू शकतो, डाळ-भात शिजवू शकतो. अडचण येते ती नोकरीतला अपमान, प्रेमभंग, नापास होणे किंवा झटपट कर्ज देणारे ॲप अशा प्रसंगी. त्यामुळे या वयात घर सोडू नये असे म्हणण्यापेक्षा, घर सोडल्यावरही न बिचकता फोन करता येईल असे माणूस हवे, हा निष्कर्ष अधिक योग्य ठरतो.

बावीस की बत्तीस?

घर सोडण्याचे वय जीवशास्त्राने ठरत असते, तर ते सगळीकडे सारखे असायला हवे होते. युरोपीय महासंघाच्या सांख्यिकी कार्यालयानुसार २०२३ मध्ये तरुणांनी पालकांचे घर सोडण्याचे सरासरी वय फिनलंडमध्ये २१.४ वर्षे होते आणि क्रोएशियात ३१.८. महासंघाची सरासरी २६.३. फिनिश आणि क्रोएशियन मेंदूंत दहा वर्षांचे अंतर असणे शक्य नाही. अंतर आहे ते विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत, भाड्यात, नोकऱ्यांत आणि रूढीत. अमेरिकेत, म्हणजे लवकर घर सोडण्याचा आदर्श मानल्या जाणाऱ्या देशात, करोनाकाळात जुलै २०२० मध्ये १८ ते २९ वयोगटातील ५२ टक्के तरुण आईवडिलांकडे राहत होते, असे प्यू रिसर्च सेंटरने दाखवून दिले. काही महिन्यांत तरुण अपरिपक्व झाले नव्हते. नोकऱ्या गेल्या होत्या आणि महाविद्यालये बंद पडली होती.

आपल्याकडे हे वय आणखी वेगळ्या पद्धतीने ठरते. बीड, नांदेड, चंद्रपूरची मुले शिक्षण किंवा नोकरी पुण्या-मुंबईत असल्यामुळे घर सोडतात. काही तर दहावी होताच शिकवण्यांसाठी लातूर किंवा कोटा गाठतात, म्हणजे स्वतःला आवरण्याची क्षमता घडत असतानाच. उलट मुंबईत जन्मलेल्या तरुणाला अनामत रक्कम आणि भाडे परवडत नाही, म्हणून लग्नानंतरही तो त्याच दोन खोल्यांत राहतो. दोघांपैकी कोणीही ‘आता मी तयार आहे’ असे म्हणून निर्णय घेतलेला नसतो.

मुलींच्या बाबतीत तर घर सोडण्याची तारीख बहुधा लग्नपत्रिकेवर छापली जाते. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातील स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांच्या स्थलांतराचे कारण विवाह हे होते. नोकरीसाठी मुलीने दुसऱ्या शहरात राहण्याला धोका मानणारे घर, तिला अनोळखी कुटुंबात कायमचे पाठवताना मात्र तयारीचा प्रश्न विचारत नाही. स्वतःच्या पैशांचा हिशेब, स्वतःच्या आजारपणाचा निर्णय, एकटीने प्रवास या गोष्टी करून पाहण्याची संधी तिला कधी मिळाली, हे कोणी पाहत नाही.

बाहेर पडल्यावर शरीर आणि मन

घर सोडण्याचा पहिला परिणाम ताटात दिसतो. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील वजनवाढीवरील अभ्यासांचे २०१५ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. त्यात विद्यार्थ्यांचे वजन सरासरी सुमारे १.४ किलोने वाढलेले आढळले. कॉट बेसिसवर राहणाऱ्या, मेसचा डबा नकोसा झाला की ॲपवरून बिर्याणी मागवणाऱ्या मुलांना याचे आश्चर्य वाटणार नाही. झोपेची वेळ पुढे सरकते, नाश्ता सुटतो, ताप आला तरी अंगावर काढला जातो.

मनाचा भाग अधिक गंभीर आहे. जगभरातील १९२ अभ्यासांच्या एका मोठ्या विश्लेषणात, मानसिक विकार झालेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के व्यक्तींमध्ये त्याची सुरुवात पंचविशीच्या आत झाल्याचे आढळले. म्हणजे घर सोडण्याचे वय आणि नैराश्य, तीव्र चिंता, व्यसन किंवा स्किझोफ्रेनियाची पहिली चिन्हे दिसण्याचे वय एकमेकांवर येते. घर सोडल्यामुळे हे विकार होतात असे नाही. पण घरी असताना आईच्या लक्षात आला असता तो बदल खोलीतल्या सोबत्याच्या लक्षात येईलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार १३ ते २९ वयोगटातील १७ ते २१ टक्के व्यक्तींना एकटेपणा जाणवतो. गजबजलेल्या पीजीतही तो असतो.

म्हणून फोनवर ‘जेवलास का?’ एवढेच विचारून थांबू नये. झोप कशी आहे, दिवसभरात कोणाशी बोलणे झाले, सुट्टीच्या दिवशी काय केले, हे विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कामातील रस गेलेला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

घरी राहणे म्हणजे लहान राहणे नव्हे

आईवडिलांसोबत राहण्यात आरोग्याला अपाय असे काही नाही. वेळेवर जेवण, शिल्लक पडणारा पैसा, आजारपणात हाकेच्या अंतरावर माणूस, हे फायदे खरेच आहेत. अपाय होतो तो वय वाढूनही भूमिका न बदलल्याने. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. पुरुष ८८ मिनिटे. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाचा डबा भरणारी आणि कपडे धुणारी आई या २८९ मिनिटांत असते. मुलाचे स्वावलंबन लांबते आणि साठीकडे झुकलेल्या तिची विश्रांतीही.

पालकांच्या आरोग्याचा हा मुद्दा युरोपातही दिसला आहे. सतरा देशांतील पन्नाशीपुढच्या पालकांच्या अभ्यासात, बाकी सगळी मुले बाहेर पडलेली असताना एखादे मूल परत राहायला आले, की पालकांची जीवनमान-समाधानाची पातळी घसरलेली आढळली. आपल्याकडची कुटुंबव्यवस्था वेगळी असल्याने तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण परत आलेल्या मुलाने कामाचा आणि खर्चाचा वाटा उचलावा, हा बोध कुठेही लागू पडतो.

मग कधी?

एक आकडा सांगता येत नसला, तरी तयारी तपासता येते. तीन महिन्यांचे भाडे आणि खाणे भागेल एवढी शिल्लक आहे का? चार-पाच साधे पदार्थ स्वतः करता येतात का? आजारी पडल्यावर कोणाला दाखवायचे हे ठाऊक आहे का आणि आरोग्य विमा आहे का? अनेक कौटुंबिक विमा पॉलिसींत मुलांना साधारण पंचविशीपर्यंतच संरक्षण असते, हे बहुतेकांना उशिरा कळते. आणि चूक झाली, पैसे संपले, नोकरी गेली, तर ते घरी सांगता येईल का?

यातला शेवटचा प्रश्न पालकांसाठीही आहे. ‘आता परत येऊ नकोस’ किंवा ‘बघ, म्हटलं होतं ना’ ही वाक्ये ज्या घरात ठरलेली असतात, त्या घरातली मुले अडचण लपवतात आणि मदत उशिरा पोहोचते. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपल्यावर घरी येऊन काही काळ राहणे हे अपयश मानले नाही, तर पुढच्या वेळी बाहेर पडणे सोपे जाते.

घरी राहणाऱ्यांना हीच तयारी आजपासून सुरू करता येईल: दरमहा घरखर्चात ठरावीक रक्कम, आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाक, स्वतःच्या डॉक्टरांची भेट स्वतः. हे नियम मुलाला आणि मुलीला सारखेच असावेत. आणि मुलीने लग्नाआधी एखादे वर्ष नोकरीच्या गावी स्वतःच्या पगारावर राहायचे म्हटले, तर तिला अडवण्याआधी घरच्यांनी एवढे आठवावे, की घर तर ती तशीही सोडणारच आहे असे त्यांनीच गृहीत धरलेले असते.