दिवाळीचे पाहुणे

दिवाळीस मुलांनीं आईबापांच्या घरीं यावें, ही रीत. परंतु तें घर मुलांचें नसेल तर?

1934 सालीं स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनें माळशिरस तालुक्यांत श्रीपूर येथें साखर कारखाना उभारला. आमचें मूळ घर पुण्याचें. नोकरीमुळें संसार श्रीपुरास झाला. मुलें मात्र शिक्षणासाठीं आजोळीं राहिलीं व पुढें तिकडेच स्थिरावलीं.

दिवाळीच्या सुमारास गव्हाणींत मोळी पडलेली असे. तोडलेल्या उंसांतील साखर दिवसागणिक घटते. म्हणून गाळप सणासाठीं थांबत नाहीं. सबब आम्हांस जातां येईना, मुलेंच येत.

एके वर्षीं थोरल्या चिरंजीवांनीं दारांतच विचारलें, "आई, ट्रंक कोठें ठेवूं?" आम्ही चपापलों. प्रश्न पाहुण्याचा होता!

त्या वर्षापासून फराळ आधीं करून ठेवणें आम्ही सोडलें. चकलीचा सोऱ्या लेकीसुनांच्या हातीं दिला. रात्रपाळीहून येणाऱ्या यजमानांसाठीं अभ्यंगाचें पाणी मुलांनीं तापवावें, असा परिपाठ पाडला. दोन वर्षांनीं तेच चिरंजीव न विचारतां फडताळांतून तेलाची वाटी काढूं लागले.

पाहुण्यास पान वाढावें, घरच्यास काम सांगावें. परगांवीं संसार असलेल्या वाचकभगिनींनीं यंदां हें अवश्य करून पाहावें.