नकार हा उत्तर म्हणून शिकवा

नवे शैक्षणिक वर्ष तोंडावर आले आहे. महाविद्यालयांत, मदरशांत, खासगी वर्गांत आणि कोकणातल्या घरगुती शिकवण्यांत अरबीचे नवे विद्यार्थी लवकरच लिपी गिरवू लागतील. त्यांना शिकवणाऱ्या आपणा सर्वांसाठी या महिन्यात एकच विषय काढत आहोत: क्रियापदाचा नकार. पुष्कळ ठिकाणी तो पाठ्यक्रमात मागे पडतो. होकारार्थी रूपे घोटून झाली की मग एके दिवशी फळ्यावर ला, लम, लन, मा आणि लैस अशी पाचही अव्यये-क्रियापदे ओळीने उभी राहतात. विद्यार्थी तक्ता उतरवून घेतो, परीक्षेत पूर्ण गुण मिळवतो आणि तोंड उघडायची वेळ आली की अडखळतो.

अडखळण्याची कारणे तपासली तर चुका मोजक्याच निघतात. पुढील उदाहरणांत 'कतब', 'यक्तुब' अशा रूपांतील शेवटचा अ पूर्ण उच्चारावा. लिखित अरबीच्या क्रियापदरूपांत जिथे तो नाही तिथे हलन्त दाखवला आहे. 'कतब' म्हणजे त्याने लिहिले. 'त्याने लिहिले नाही' हे सांगताना आपला विद्यार्थी 'लम कतब' म्हणतो, नाहीतर 'ला कतब'. 'तो लिहिणार नाही' यासाठी 'ला सयक्तुबु' म्हणतो. चुका दिसायला वेगवेगळ्या, पण मूळ एकच आहे. मराठीत 'लिहिले'चे 'लिहिले नाही' होते आणि 'लिहिणार'चे 'लिहिणार नाही'. काळ क्रियापदातच राहतो, 'नाही' फक्त मागे येऊन उभे राहते. अरबीत बऱ्याचदा काळाची जबाबदारी नकाराच्या शब्दाकडे जाते. 'लम' आला की क्रियापद भूतकाळाचे रूप सोडून मुदारिअमध्ये येते आणि तेही शेवटचा स्वर गमावून: 'लम यक्तुब्'. 'लन' आला की भविष्याचा 'स' गळतो: 'लन यक्तुब'. वर्गात पहिल्यांदा सांगायची गोष्ट ही आहे. पाच शब्दांची यादी त्यानंतर दिली तरी चालेल.

'ला कतब' ही चूक नुसती लाल शाईने खोडून थांबू नये. 'ला' एकटाच भूतकाळी रूपाला लागला की अरबीत बहुधा इच्छा किंवा शाप व्यक्त होतो. 'ला समहल्लाह', म्हणजे देव न करो, हा रोजच्या बोलण्यातला प्रयोग त्याच घडणीचा आहे. हे एक उदाहरण दिले की विद्यार्थ्याला कळते की आपण व्याकरण मोडले एवढेच नाही, तर ऐकणाऱ्याला भलतेच काही ऐकू जाऊ शकते.

आपल्या हाताशी एक साधन आहे, त्याचा उपयोग आपण पुरेसा करत नाही. स्वरचिन्हांविना छापलेल्या अरबीत 'यक्तुबु', 'यक्तुब' आणि 'यक्तुब्' ही तिन्ही रूपे हुबेहूब एकसारखी दिसतात. वृत्तपत्र हाती घेतलेल्या नवशिक्याला 'लम'ने क्रियापदाचे काय केले ते डोळ्यांना दिसतच नाही. देवनागरीत मात्र उकार, अकार आणि हलन्त स्पष्ट वेगळे लिहिता येतात. सुरुवातीचे काही पाठ ही तीन रूपे देवनागरीत शेजारी शेजारी मांडावीत. अरबी लिपीत शिकवताना तर मुद्दाम अशी क्रियापदे निवडावीत ज्यांच्यातला बदल छपाईतही उमटतो. 'यकूनु' (असतो) याचे 'लम यकुन्' होताना मधला वाव गळतो. 'यम्शी'चे (चालतो) 'लम यम्शि' होताना शेवटची या गळते. 'यक्तुबून'चे (ते लिहितात) 'लम यक्तुबू' होताना नून गळतो. 'लम यकुन्' म्हणजे आपले 'नव्हता'. वृत्तपत्राच्या कुठल्याही पानावर ते सापडेल, तेव्हा नियमित क्रियापदे संपेपर्यंत ते राखून ठेवण्यात अर्थ नाही.

आता पद्धतीबद्दल. मदरशांच्या परंपरेत सर्फ शिकताना 'नफी जहद ब-लम' आणि 'नफी ताकीद ब-लन' यांची गर्दान पाठ करून घेतात: लम यफ्अल्, लम यफ्अला, लम यफ्अलू. या घोकंपट्टीला नावे ठेवण्याची फॅशन आहे. आम्ही त्यात सामील नाही. ज्याने गर्दान केली आहे त्याची जीभ 'लम'नंतर आपोआप योग्य रूपावर येते, आणि आधुनिक पाठ्यपुस्तकांतून शिकलेल्या अनेकांना ते जमत नाही. उणीव दुसरीकडे आहे. गर्दानीतले क्रियापद कोणालाच उत्तर देत नसते. कोणी काही म्हटले आहे आणि ते आपण नाकारतो आहोत, हा प्रसंगच तिथे नाही.

आणि हा प्रसंग काही पाश्चात्त्य अध्यापनशास्त्राने नव्याने शोधलेला नाही. आठव्या शतकातल्या बसऱ्यात घडलेला मूळचा इराणी वैयाकरण सीबवैह याच्या 'अल-किताब' या ग्रंथात क्रियापदाच्या नकारावर छोटे प्रकरण आहे. त्यात तो तक्ता देत नाही, जोड्या देतो. कोणी 'फअल' (केले) म्हटले तर त्याचा नकार 'लम यफ्अल्'. 'कद फअल' (केले आहे) म्हटले तर 'लम्मा यफ्अल्', म्हणजे अजून केलेले नाही. 'लकद फअल' असे ठासून म्हटले तर 'मा फअल'. 'सौफ यफ्अलु' म्हटले तर 'लन यफ्अल'. वर्तमानातही तो भेद करतो: क्रिया आत्ता चालू आहे असे म्हणणाऱ्याला 'मा यफ्अलु', तशी ती चालू नसेल तर 'ला यफ्अलु'. प्रत्येक नकारामागे एक विधान आहे आणि ते करणारा माणूस आहे. 'लम' आणि 'मा' दोन्ही भूतकाळच नाकारतात, मग फरक काय, हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो. सीबवैहच्या मांडणीत त्याचे उत्तर आहे: समोरच्याने साधे सांगितले होते की ठासून? आजच्या लिखित अरबीत हा भेद इतका काटेकोर पाळला जात नाही आणि 'लम'चा वापर जास्त दिसतो, हेही विद्यार्थ्याला सांगावे. पण 'मा'मध्ये प्रतिवादाचा सूर का येतो, हे त्याला त्या जोडीतूनच उमगेल.

काही ठिकाणी मराठी आपल्या मदतीला येते, आणि ती मदत घ्यायला संकोच नको. 'लैस' हे क्रियापद नवशिक्यांना चमत्कारिक वाटते, कारण नकाराचा शब्द पुरुषाप्रमाणे बदलतो ही कल्पनाच त्यांना परकी वाटते. पण मराठी विद्यार्थी जन्मभर 'मी नाही, तू नाहीस, ते नाहीत' म्हणत आला आहे. 'लस्तु, लस्त, लैसू' त्याला परके वाटायचे कारण नाही. निषेधाचेही तसेच. 'लिहीत नाहीस' आणि 'लिहू नकोस' यांत मराठी शब्दच बदलते. अरबी दोन्हीकडे 'ला' ठेवते आणि फरक क्रियापदाच्या शेवटावर सोपवते: 'ला तक्तुबु' आणि 'ला तक्तुब्'. बोलताना शेवटचा स्वर गळाला तर पुरुषाला उद्देशून दोन्ही सारखेच ऐकू येतात. स्त्रीला उद्देशून मात्र 'ला तक्तुबीन' आणि 'ला तक्तुबी' हा फरक कानाला कळतो. सरावाची सुरुवात तिथून करावी. शिवाय आखातातल्या भिंतींवरच्या सूचनांत हा 'ला' नेहमी भेटेलच असे नाही. तिथे 'ममनूअ अत-तदखीन' (धूम्रपानास मनाई) किंवा 'अर-रजाअ अदम अत-तदखीन' (कृपया धूम्रपान करू नये) असे नामाच्या आधारे निषेध होतात. कामासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला आणि कचेरीची कागदपत्रे अनुवादणाऱ्याला 'अदम' हा शब्द 'लन'इतकाच लागतो.

बोलीचा प्रश्न टाळून चालणार नाही. मुंबईच्या रुग्णालयांत ओमान, येमेन, इराक येथून रुग्ण येतात आणि आपले काही वाचक तिथे दुभाषाचे काम करतात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर विचारतात, पेशंटने सकाळपासून काही खाल्ले आहे का? रुग्ण 'लम आकुल्' म्हणण्याची शक्यता फारच कमी. तो 'मा अकल्त' म्हणेल, म्हणजे खाल्ले नाही. 'मा आकुल' म्हणाला तर अर्थ 'मी खात नाही' असा होतो, आणि दुभाषाने पुन्हा विचारून खात्री करून घ्यायला हवी. इजिप्तचा रुग्ण असेल तर 'मकल्तिश' म्हणेल; पुढे 'मा' आणि मागे 'श' अशा दोन्ही बाजूंनी नकार लागेल. 'लम' आणि 'लन' हे प्रमाण लिखित अरबीचे. घराघरांतल्या बोलींत नकाराचा भार मुख्यतः 'मा'वर असतो. ज्या विद्यार्थ्याला 'मा'ची ओळख सर्वांत शेवटी होते, तो पुस्तक वाचेल पण माणसाचे बोलणे त्याला कळणार नाही.

रत्नागिरी-रायगडकडच्या वर्गांत आणखी एक गोष्ट घडते. घरातले कोणी आखातात राहून आलेले असते आणि विद्यार्थी 'अना मा फी मालूम' (मला माहीत नाही) हे वाक्य आधीच घेऊन येतो. तिकडच्या बाजारात आणि बांधकामांवर नाना देशांच्या कामगारांनी घडवलेल्या मिश्र अरबीत 'मा फी' हा सरसकट सगळ्या क्रियापदांचा नकार असतो. त्यावर हसू नये. 'मा फी' म्हणजे मूळ अरबीत 'अस्तित्वात नाही', हे दाखवून तिथूनच 'मा अअरिफ'पर्यंत आणि पुढे 'ला अअरिफु'पर्यंत नेता येते. विद्यार्थ्याच्या तोंडी जो नकार आधीच आहे तो हिरावून घेऊन शिकवणे म्हणजे त्याला मुके करणे.

तेव्हा येत्या सत्रासाठी आमची सूचना अशी आहे. 'ला अअरिफु' (मला माहीत नाही) आणि 'ला अफ्हमु' (मला कळत नाही) ही दोन वाक्ये लिपी पूर्ण होण्याआधीच द्यावीत. वर्गात ती रोज लागतात. नामवाक्ये सुरू होताच 'लैस' घ्यावे. भूतकाळ ज्या दिवशी शिकवाल त्याच दिवशी 'लम' शिकवा, भविष्यकाळाबरोबर 'लन'. 'मा' बोलण्यापेक्षा ऐकण्यासाठी, पण पहिल्या सत्रातच. प्रत्येक वेळी एक विद्यार्थी विधान करील, दुसरा ते नाकारील. तक्ता आणि गर्दान त्यानंतर, पक्के करण्यासाठी. परीक्षेतही 'नकारार्थी करा' असा प्रश्न घालण्याऐवजी एक छोटे संभाषण द्या आणि त्यातला नकार रिकामा सोडा.

हे करून पाहिल्यावर आपल्या विद्यार्थ्यांच्या चुका टिपून आमच्याकडे पाठवा. मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला अरबी नकार कुठे अडतो, याची नोंद आपल्या वर्गांतूनच व्हायला हवी. इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत ती मिळणार नाही.