शरीर त्यांचे, खुर्ची आपली

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बंडाने राज्यातले मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचे सरकार कोसळले, तेव्हा मीरा-भाईंदर हे शहर बंडाच्या बातम्यांत दोन बाजूंनी होते. शहराच्या तेव्हाच्या आमदार गीता जैन बंडखोरांसोबत गुवाहाटीत होत्या. शहराचा काही भाग ज्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात येतो, तिथले आमदार प्रताप सरनाईकही शिंदे गटात गेले होते. त्यानंतर महिनाभराने, जुलैच्या अखेरीस, उद्धव ठाकरे यांनी ‘सामना’ला दिलेल्या मुलाखतीत एक गोष्ट सांगितली. नोव्हेंबर २०२१ मधल्या मानेच्या शस्त्रक्रियेनंतर एका सकाळी त्यांची मानेखालची हालचालच थांबली होती आणि तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. आपले हातपाय हलत नव्हते त्या काळात इतरांच्या हालचाली सुरू होत्या, असा त्यांचा रोख होता.

आपले आमदार का गेले, यावर इथल्या नाक्यानाक्यावर भरपूर बोलून झाले. दुसरा प्रश्न मात्र मागे पडला. राज्याच्या मुख्यमंत्र्याचे शरीर काही काळ त्याच्या ताब्यात नव्हते, हे मतदाराला एवढ्या तपशिलाने आठ महिन्यांनी आणि तेही खुर्ची गेल्यावर कळावे, हे बरोबर आहे का?

याचे उत्तर घाईने देण्यात अर्थ नाही. ठाकरे यांनी सगळेच झाकले असे कोणी म्हणू शकत नाही. रुग्णालयात दाखल होणे, १२ नोव्हेंबरची शस्त्रक्रिया, डिसेंबरच्या सुरुवातीला घरी परतणे, हे सारे जाहीर होते. गळ्यातला पट्टा सगळ्यांनी पाहिला होता. त्या काळातल्या निवेदनांचा भर शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि प्रकृती सुधारते आहे यावर होता. ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. डिसेंबरात मुंबईत झालेल्या अधिवेशनाला मुख्यमंत्री सभागृहात आले नाहीत, तेव्हा विरोधकांनी प्रभार दुसऱ्याकडे देण्याची मागणी केली आणि सत्ताधाऱ्यांनी ती राजकीय ठरवून उडवून लावली. मागणी राजकीय होतीच. पण ती योग्य की अयोग्य हे ठरवण्याइतकी माहिती सामान्य माणसाच्या हाती नव्हती.

गोव्यातले उदाहरण याहून अवघड आहे. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये लीलावती रुग्णालयात दाखल झाले तेव्हा स्वादुपिंडाला सूज असल्याचे सांगितले गेले. मार्चमध्ये ते उपचारांसाठी अमेरिकेला गेले, कारभार पाहायला तीन मंत्र्यांची समिती नेमली गेली. पुढे दिल्लीचे ‘एम्स’ झाले. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, हे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी उघडपणे मान्य केले ते ऑक्टोबरच्या अखेरीस. दरम्यान सप्टेंबरात फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर या दोन मंत्र्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले. दोघेही आजारी होते, रुग्णालयात होते. त्यांना वगळणारे मुख्यमंत्री स्वतःही त्या वेळी रुग्णालयातच होते. आजारपण हा मंत्र्याला दूर करण्याचा निकष असेल, तर तो मुख्यमंत्र्याला का लागू नाही, हे गोव्यातल्या कोणालाही नीट सांगता आले नाही. जानेवारी २०१९ मध्ये पर्रीकरांनी नाकात नळी असताना विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला ते गेले. त्या नळीकडे कोणी जिद्द म्हणून पाहिले, कोणी पक्षाचा निर्दयपणा म्हणून. दोन्ही वाचनांत तथ्य आहे, आणि दोन्हींनी मूळ प्रश्न झाकला जातो: त्या वर्षभरात फाइलींवरचे निर्णय कोण घेत होते?

आता लपवणाऱ्यांची बाजू ऐकू. ती कमकुवत नाही. पहिला मुद्दा हक्काचा. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. निवडणूक लढवली म्हणून माणूस आपला क्ष-किरण अहवाल चव्हाट्यावर मांडायला बांधील होत नाही. दुसरा मुद्दा त्याहून खरा आहे, आणि तो आपल्याकडे बोट दाखवतो. उघड बोलणाऱ्याला आपण काय देतो? शरद पवारांनी २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याविषयी ते नंतर मोकळेपणाने बोलत आले. तंबाखूपासून दूर राहा, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितले. त्या शस्त्रक्रियेची खूण त्यांच्या चेहऱ्यावर आणि उच्चारांत राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जतच्या प्रचारसभेत महायुतीचे नेते सदाभाऊ खोत यांनी त्याच चेहऱ्यावरून टोमणा मारला. टीका झाल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, अजित पवारांनीही त्या वक्तव्याचा निषेध केला. पण चेहऱ्याची थट्टा भाषणात वापरावी असे वाटणे, हे श्रोत्यांच्या हशाचा अंदाज असल्याशिवाय होत नाही. ठाकरे यांच्या गळ्यातल्या पट्ट्याचीही चेष्टा झालीच. असे असताना नेत्यांनी दुखणे दडवू नये, हा उपदेश आपण कोणत्या तोंडाने करायचा?

तिसरा मुद्दा सत्तेच्या गणिताचा. आपल्याकडे पक्ष एका माणसाभोवती उभे राहतात. तो माणूस पडला की पक्ष फुटतो, हे आसपासचे सगळे जाणतात. त्यामुळे आजाराची बातमी म्हणजे बंडाला दिलेले आवतण. ठाकरे यांचे स्वतःचे म्हणणे खरे मानले, तर अर्धवट माहिती असतानाही बंड शिजत होते. पूर्ण माहिती बाहेर असती तर ते लवकर झाले असते, इतकेच.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. ती नीट दिसते अमेरिकेच्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या गोष्टीत, कारण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी लपवल्या. १९२१ मध्ये पोलिओने त्यांचे पाय गेले. १९३३ पासून राष्ट्राध्यक्ष असताना त्यांची चाकाची खुर्ची छायाचित्रांत येऊ नये, याची काळजी घेतली जाई आणि बहुतेक वृत्तपत्रे ती सांभाळत. त्या लपवण्याने देशाचे काहीही बिघडले नाही. महामंदी आणि महायुद्ध हाताळायला पायांची गरज नव्हती. हुकले ते एवढेच, की चाकाच्या खुर्चीतला माणूस देश चालवू शकतो हे त्या पिढीतल्या अपंग मुलांना दिसले नाही. दुसरे लपवणे १९४४ चे. मार्चमध्ये डॉक्टरांना त्यांचे हृदय आणि रक्तदाब गंभीर अवस्थेत असल्याचे आढळले. लोकांना ते सांगितले नाही, आणि ते चौथ्यांदा निवडून आले. १२ एप्रिल १९४५ ला ते गेले तेव्हा उपाध्यक्ष ट्रुमन यांना अणुबॉम्बच्या प्रकल्पाची पुरेशी माहितीसुद्धा नव्हती. एकाच माणसाची ही दोन गुपिते. पहिले त्याच्या शरीराचे होते, दुसरे त्याच्या पदाचे.

आपल्या वादात हाच फरक हरवतो. पवारांच्या चेहऱ्याचा त्यांच्या कृषिमंत्रिपदाशी संबंध नव्हता. पोलिओमुळे कुबड्या वापरणारे जयपाल रेड्डी केंद्रात मंत्री होते आणि संसदेतल्या त्यांच्या वक्तृत्वाला कुबड्यांची अडचण कधी आली नाही. अपंगत्व आणि अक्षमता या दोन गोष्टी आहेत. अपंगत्वाविषयी मतदाराला काही विचारण्याचा अधिकार नाही. अक्षमतेविषयी तो आहे, कारण सही त्याच्या नावाने होते. शिवाय हात न हलणारा मुख्यमंत्री अक्षम असतोच असेही नाही. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत, तर तो बैठक घेऊ शकतो, दूरचित्रसंवादावर निर्णय देऊ शकतो. ठाकरे यांनी तसे केलेही. पण मग ते तसेच सांगता आले असते: हालचाल नाही, निर्णय मीच घेतो आहे, अमुक कामे अमुक मंत्री पाहतील. या सांगण्यात लाज वाटण्याजोगे काय होते?

असे सांगण्याचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ मध्ये त्यांच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या. देशाला आधी माहीत होते. जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंग यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, ती मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या हातून. त्या काळात मंत्रिमंडळाच्या बैठकांची जबाबदारी प्रणव मुखर्जींकडे होती आणि तेही जाहीर होते. सरकार हलले नाही, उलट त्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले.

पण हे दाखले त्या त्या माणसांच्या समजूतदारपणावर उभे आहेत, नियमावर नाहीत. राज्यघटनेच्या कलम ६५ मध्ये राष्ट्रपती आजारपणामुळे काम करू शकत नसतील तर उपराष्ट्रपतींनी ते पाहावे अशी सोय आहे. खरी सत्ता ज्यांच्या हाती असते त्या पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांसाठी अशी सोय नाही. भाईंदर पश्चिमेच्या महापालिका मुख्यालयातला एखादा लिपिक आजारपणाच्या रजेवर गेला, तर डॉक्टरचे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि रुजू होताना तंदुरुस्तीचेही. आयुक्त रजेवर गेले तर प्रभार कोणाकडे हे आदेशात लिहिलेले असते. मुख्यमंत्र्याला यातले काहीच लागत नाही. उमेदवाराच्या शपथपत्रात सदनिका, सोने, गाड्या, कर्जे, खटले हे सगळे आपल्याला कळते. पदावर असताना तो काम करू शकत नसेल तर काय, याचा एक शब्द कुठे नाही.

म्हणून आम्हाला वाटते की मागणी आरोग्य अहवालाची नसावी, प्रभाराच्या आदेशाची असावी. आजाराचे नाव, कोणता अवयव, किती टाके, हे कोणी सांगू नये. पण मुख्यमंत्री किंवा मंत्री ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ काम करू शकणार नसेल, तर किती काळ, कोणती कामे तो स्वतः पाहणार आणि उरलेल्यांचा प्रभार कोणाकडे, हे राजपत्रात छापले जावे. त्यासाठीचे प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी द्यावे, आणि त्यात निदान नसावे, फक्त काम करण्याची क्षमता असावी. खासगीपणा राखूनही हे करता येते.

ही बंधने पदानुसार असावीत. महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, म्हणून महापौर किंवा नगरसेवकाकडून अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही. त्याला मधुमेह आहे की एका कानाने ऐकू येत नाही, हे प्रभागाला कळण्याची गरज नाही. आमदाराबाबत, परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिल्यास जागा रिक्त ठरवण्याचा अधिकार घटनेने सभागृहाला दिलाच आहे. तेवढे पुरे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. असा नियम झाला तर पक्षातले असंतुष्ट त्याचेच हत्यार करतील, डॉक्टरांवर दबाव येईल, सर्दीलाही प्रभाराची मागणी होईल. शक्य आहे. म्हणून पद गमावण्याची भीती या नियमात नसावी. बरा होऊन माणूस परत येईल तेव्हा प्रभार आपोआप संपावा, विश्वासदर्शक ठरावाची अट त्याला जोडू नये. बंड तरीही होईल. पण आजारपणात झालेले बंड आजारपणातले आहे हे लोकांना त्याच दिवशी कळेल, आणि त्याचा हिशेब ते मतदानाच्या दिवशी मांडू शकतील. मीरा-भाईंदरच्या मतदाराला जून २०२२ मध्ये ती सोय नव्हती.

राहिला आपला वाटा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा आदेश आहे. एवढे असून विधानसभेत आपले अपंगत्व उघडपणे वागवणारे किती आमदार चटकन आठवतात? उत्तर सुचत नसेल तर दोष केवळ नेत्यांचा नाही. सभेत कोणी चेहऱ्यावरून, चालण्यावरून, गळ्यातल्या पट्ट्यावरून बोलू लागला, की हसायचे की उठून जायचे हे श्रोता ठरवतो. प्रभाराचा नियम विधानसभा करू शकते. तो पाळायला नेत्याला निर्भयता लागेल, आणि ती सभेतल्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांकडूनच मिळू शकते.