निळ्या उजेडाचा डबा



२०२० सालचे टाळेबंदीचे दिवस आठवा. बोईसरला आमच्या शेजारी राहणाऱ्या, आय.टी.आय. झालेल्या एका मुलाने पत्र्याच्या ट्रंकेला आतून चंदेरी कागद चिकटवला, पाणी शुद्ध करण्याच्या मशीनमधली यू.व्ही. ट्यूब बसवली आणि नोटा, मोबाईल जंतुमुक्त करायचा डबा तयार केला. आम्हीही त्याची पाठ थोपटली. त्याच्या आईने मात्र कौतुकाने झाकण उघडे धरून तो निळा उजेड बराच वेळ पाहिला.

रात्री दोन वाजता तिने आमचे दार वाजवले. "डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं होतंय," म्हणाली. डोळे लाल, पाण्याच्या धारा. एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्यांना हा त्रास पाठ आहे. दोन दिवस ती अंधाऱ्या खोलीत पडून राहिली आणि ठेकेदाराकडचे दोन खाडे पडले.

असे का झाले? त्या ट्यूबमधले जंतू मारणारे किरण २५४ नॅनोमीटरचे असतात आणि ते डोळ्याला दिसतच नाहीत. दिसतो तो नुसता फिकट निळा उजेड. तो डोळे दिपवत नाही, म्हणून माणूस निर्धास्त पाहत राहतो. बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो, पण दुखणे सुरू होते काही तासांनी. तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

डी.आर.डी.ओ.ने त्याच वर्षी खोल्या निर्जंतुक करणारे यू.व्ही. यंत्र बनवले. खोलीचे दार चुकून उघडले तरी ते आपोआप बंद होते. घरच्या डब्यातही हेच पहिले हवे. फ्रिजचे दार उघडले की दिवा लागतो. इथे नेमके उलटे, झाकण उघडले की ट्यूब विझली पाहिजे. ते बटण फेजच्या वायरवर घ्यावे आणि पत्र्याच्या डब्याला अर्थिंग द्यावेच.

चंदेरी कागदावरून हे किरण परावर्तित होतात, म्हणून फटी नीट बुजवा. साध्या काचेतून २५४चे किरण पार होत नाहीत. पण नुसता चष्मा पुरत नाही, कारण ते बाजूने शिरतात. काम करताना सर्व बाजूंनी झाकणारा गॉगल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे हवेत. स्क्रीन प्रिंटिंगच्या डब्यातल्या यू.व्ही. ट्यूबचे किरण मात्र काचेतूनही जातात. तिथे काचेवर भिस्त ठेवू नका. उग्र वास आला तर तो ओझोन असू शकतो. ट्यूब बंद करून खिडक्या उघडा.

हातावर, अंगावर हा उजेड कधीही घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच तसे बजावले आहे. हातांना साबणच बरा. शिवाय किरण पोहोचतात तेवढेच जंतू मरतात, नोटेच्या घडीतले राहतातच.

डोळे भाजलेच तर चोळू नका. मिटून अंधारात पडा, थंड पाण्याची घडी ठेवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बटाट्याच्या चकत्या, दूध किंवा कुणी दिलेले बधिर करणारे थेंब घालू नका.

त्या माउलीचे डोळे बरे झाले. मुलगा मात्र शरमेने ट्यूब फोडायला निघाला. आम्ही हात धरला, कारण आत पारा असतो. अशी ट्यूब चुकून फुटली तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडून पंधरा मिनिटे थांबा. झाडू न मारता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि घंटागाडीवाल्याला वेगळे सांगून द्या.

पुढे त्याने डब्याला झाकणाचे बटण बसवले आणि आईच्या हाताने उघडून दाखवले. ट्यूब विझली. आपली मुले हाताने काही घडवतात, त्यांना रागावू नका. फक्त विचारा, "बाळा, झाकण उघडल्यावर हे बंद होतं का?"