उतरायचं कुठं?

दरवर्षी २० डिसेंबर आला की आमच्या मोबाइलवर गाडगेबाबांचे फोटो यायला लागतात. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्यांचा सदरा. खाली स्वच्छतेचा संदेश. २३ फेब्रुवारीला, जयंतीला, पुन्हा तेच. शाळाशाळांतून मुलं पटांगण झाडतात, ग्रामपंचायतीत फोटोला हार पडतो. २०००-०१ मध्ये राज्य सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्या निमित्ताने पुष्कळ गावांचं रूप पालटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही.

तक्रार वेगळीच आहे. आपण बाबांचा खराटा उचलला आणि त्यांची धर्मशाळा विसरलो!

मंडळी, जरा आठवून बघा. या माणसाने आयुष्यभर कीर्तनं केली, गावोगाव भाकरी मागून खाल्ली, लोकांकडून पैसा गोळा केला. त्या पैशातून काय उभं केलं? स्वतःसाठी मठ बांधला नाही, शिष्यांचा गोतावळा जमवला नाही. बांधल्या त्या धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई. शिवाय नदीचे घाट, गोरक्षणं, अन्नछत्रं आणि शाळा-वसतिगृहं. १८७६ साली शेंडगावात जन्मलेला, परटाच्या घरातला हा डेबूजी फारसं लिहायला-वाचायला शिकला नव्हता. पण माणूस परगावी आला की पहिल्यांदा त्याला काय लागतं, हे त्याला शिकलेल्यांपेक्षा चांगलं कळत होतं.

काय लागतं? पाठ टेकायला जागा.

आता 'धर्मशाळा' हा शब्दच जुनाट वाटतो. आमच्या नातवाला विचारलं तर तो हिमाचलातलं क्रिकेटचं मैदान सांगतो! त्याचा दोष नाही. आपल्या बोलण्यातून तो शब्द गेला आणि 'भक्तनिवास' आला. भक्तनिवासात आता आगाऊ आरक्षण असतं, वातानुकूलित खोली असते, ओळखपत्राची छायाप्रत लागते. सोय चांगलीच असते, मीही घेतलेली आहे. पण ज्याला खिशात हात घालायची सोय नाही आणि ज्याचं आरक्षण नाही, त्याच्यासाठी जी जागा असते ती धर्मशाळा. शब्दात धर्म आहे तो उगीच नाही.

पंढरपूरची गोष्ट तर मला फार मोठी वाटते. शंभर वर्षांपूर्वी वारीला येणाऱ्या दलित वारकऱ्याला विठोबाच्या देवळात प्रवेश नव्हताच, पण गावात उतरायलाही कोणी जागा देत नसे. इतकं चालून यायचं, कळसाला हात जोडायचे आणि वाळवंटात नाहीतर झाडाखाली पडायचं. बाबांनी तिथे या लोकांसाठी धर्मशाळा बांधली आणि तिला नाव दिलं चोखामेळ्याचं. चोखोबा म्हणजे मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेलेला संत. त्याची समाधीही महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. ज्याला आत घेतलं नाही त्याच्या नावाने घर! साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठोबाचं दार सगळ्यांना उघडलं ते १९४७ साली. बाबांच्या धर्मशाळेचं दार त्याच्या कितीतरी आधी उघडं होतं. पुढे १९४९ मध्ये बाबांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. इतक्या कष्टाने उभारलेली इमारत, दुसऱ्याच्या हातून तिचा अधिक उपयोग होईल असं दिसताच देऊन मोकळे झाले. स्वतःचा किंवा आपल्या वारसांचा कुठल्याच धर्मशाळेवर हक्क त्यांनी ठेवला नव्हता. स्वतः तर ते बहुधा बाहेरच झोपत.

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं इतिहासातलं झालं. आता कुठे कोण वाळवंटात झोपतं?

मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरचा फुटपाथ एकदा पाहून या. बिहारमधून, बंगालमधून, आपल्या नांदेड-यवतमाळमधून आलेली माणसं तिथे पथारी टाकून असतात. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या कडेवर केस गेलेलं पोर. ही माणसं घरी बेघर नाहीत. कुणाचं दोन खणांचं घर आहे, कुणाचा एकरभर कोरडवाहू तुकडा आहे. पण उपचार एका दिवसात होत नाहीत. किरणं द्यायची म्हणजे आठवडेच्या आठवडे रोज जावं लागतं. मुंबईतल्या लॉजचं भाडं चार दिवसांत संपवतं. मग आजाराने नाही तरी मुक्कामाने माणूस बेघर होतो.

आमच्या घरीही हे झालेलं आहे. माझ्या थोरल्या दिरांना मुंबईला न्यायचं ठरलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो 'उतरायचं कुठं?' हा. आजार काय, डॉक्टर कोण, खर्च किती हे सगळे प्रश्न त्याच्या मागून आले. सुदैवाने डोंबिवलीला चुलत नणंदेचं घर होतं. दोन खोल्यांत आधीच पाच माणसं, त्यात आम्ही तिघं. त्या माउलीने सात आठवडे तोंडातून शब्द काढला नाही. पण ज्यांची डोंबिवलीला नणंद नाही त्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटात उपचार घेणारे परगावचे रुग्ण नातेवाइकांसह तिथे अल्प खर्चात राहतात. जे. जे. रुग्णालयात येणाऱ्यांसाठीही बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाबा गेले १९५६ साली, अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या काठी. त्यांच्या विचाराचं छप्पर आजही कुणाच्या तरी डोक्यावर आहे. मला विचाराल तर बाबांचं स्मारक म्हणून एवढं एकच पुरेसं आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे दानाची कमी नाही. अन्नदान तर उदंड. भंडारे होतात, महाप्रसाद होतात, वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण जातं. चांगलंच आहे, भुकेल्याच्या पोटात दोन घास जातात. पण छप्पर द्यायला पुढे येणारे फार थोडे. असं का होत असेल, याचा मी बराच विचार केला.

एक तर अन्नदान एका दिवसात उरकतं. सकाळी भट्टी पेटली, दुपारी पंगती उठल्या, संध्याकाळी फोटो सगळ्यांना पोचले! निवारा मात्र रोज रात्री द्यावा लागतो. चादरी धुवाव्या लागतात, संडास घासावे लागतात, पाण्याचं बिल भरावं लागतं, रात्री दोन वाजता कुणाला उलटी झाली तर उठावं लागतं. याचा फोटो कोण काढणार? आणि दुसरं म्हणजे जेवलेला माणूस निघून जातो, राहायला आलेला राहतो. त्याचा आजार, त्याचं भांडण, त्याची मळकी वळकटी हे सगळं आपल्या दारात येतं. ते सोसायची तयारी लागते.

इथेच मला बाबांच्या हातातल्या खराट्याचा अर्थ लागतो. खराटा आणि धर्मशाळा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. जिथे पाचपन्नास परकी माणसं रोज येऊन झोपतात ती जागा झाडलीच पाहिजे, नाहीतर ती जागा राहत नाही, उकिरडा होतो. आपण त्यातला निम्मा भाग घेतला. रस्ता झाडला, आणि रस्त्यावर झोपलेल्यालाही त्यासोबत झाडून टाकलं. शहरात कुणी मोठे पाहुणे यायचे असले की पुलाखालची पालं आधी उठवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती स्वच्छता बाबांची नव्हे.

मुंबई राज्याने १९५९ साली भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा केला. उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं हेही त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत बसवलं आहे. बाबा त्याच्या तीनच वर्षं आधी गेले. डोक्यावर गाडगं, अंगावर ठिगळं, हातात मागून आणलेली भाकरी... कुठल्या शिपायाने त्यांना सोडलं असतं सांगा!

काहीजण म्हणतील, हे सरकारचं काम आहे, धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थांचं नाही. सरकारचं काम आहेच. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर मोजली गेली, त्यातली २ लाख १० हजार आपल्या महाराष्ट्रातली. त्याआधी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे एक, चोवीस तास उघडा असा निवारा हवा, असं बजावलं होतं. त्या हिशेबाने कोटभर वस्तीच्या शहरात शंभर निवारे हवेत. आपापल्या शहरात किती आहेत आणि कुठे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ज्याला पत्ताच नाही त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागणारी व्यवस्था आपली. म्हणून सरकारच्या मागे लागलंच पाहिजे. पण सरकार जागं होईपर्यंतची प्रत्येक रात्र कुणीतरी फुटपाथवर काढतं, तिचं काय?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. धर्माच्या नावाने मदत करणारे बदल्यात काहीतरी मागतात, असं लोक म्हणतात. कुणी धर्म बदलायला लावतं, कुणी मत मागतं, कुणी नुसता बापूंचा जयजयकार करायला लावतं. ही शंका फोल नाही. माझ्यापुरती मी एक कसोटी ठेवली आहे. देणाऱ्याच्या मनात कुठला देव आहे हे मी विचारत नाही, ती त्याची ऊर्जा आहे. विठ्ठल असो, येशू असो, वाहेगुरू असो. मी बघते ते दारात काय विचारतात. जात विचारली, भजनाला बसायची अट घातली, दात्याच्या नावाची पाटी छपरापेक्षा मोठी लावली, की समजावं इथे सौदा चालू आहे. 'कुठून आलात, कोण आजारी आहे, जेवलात का' एवढंच विचारलं, तर तो धर्म. बाबांच्या कीर्तनात देवाचं नाव कायम होतं, पण मुक्कामाला येणाऱ्याने ते घेतलंच पाहिजे अशी अट कुठे होती?

आमचा पुतण्या नेहमी म्हणतो, "काकू, सोय केली की लोंढे वाढतात." अरे बाबा, फुकट सतरंजीसाठी कुणी आपलं गाव सोडत नाही. पोटासाठी सोडतात, दवाखान्यासाठी सोडतात. सतरंजी मिळाली नाही म्हणून परत गेलेला माणूस मी तरी पाहिला नाही. तो फुटपाथवर झोपतो, एवढाच फरक पडतो.

आता घरच्यांसाठी. तुम्ही सगळे हे वाचता, म्हणून इथेच लिहिते. यंदा ह्यांना जाऊन दहा वर्षं होतील. ग्रुपवर मोठा महाप्रसाद करायचं चाललंय, तीनशे पानांचा अंदाजही निघालाय. तुमची भावना मला कळते. पण जेवायला येणार कोण? तुमच्या-माझ्या ओळखीचे, घरी दोन वेळ जेवणारे लोक. कर्ज काढून तेराव्याच्या पंगती उठवणाऱ्यांना गाडगेबाबा कीर्तनात कसे फैलावर घेत, हे ह्यांनीच तुम्हाला लहानपणी रंगवून सांगितलं होतं. तुम्ही कर्ज काढणार नाही हे खरं, पण पंगत ती पंगतच.

माझं म्हणणं असं की तेच पैसे रुग्णांसाठी चालणाऱ्या एखाद्या धर्मशाळेला द्यावेत. त्यांना विचारून द्यावेत, गाद्या हव्यात की पाण्याची टाकी, की नुसता वर्षाचा साबण आणि फिनेल. पाटी लावायची नाही. ह्यांचं नावसुद्धा नको. आणि पैसे देऊन हात झटकायचे नाहीत. तुमच्यापैकी जे मुंबई-पुण्यात आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार तिथे जायचं आणि जे पडेल ते काम करायचं. धाकटीने लगेच विचारलंय, "आई, म्हणजे झाडू मारायचा का?" हो बाळ, लागला तर झाडूही मारायचा.

तिथीला अजून सव्वा महिना आहे. आचाऱ्याला विसार देण्याआधी मला फोन करा.

बाकी वाचकांपैकी कुणाच्या गावात अशी धर्मशाळा नीट चालत असेल, तर तिथलं कसं चालतं ते जरूर लिहा. विशेषतः चादरी कोण धुतं, ते आधी कळवा.